असबियाच्या बिया

समाजशास्त्राचा बाप कोण, या प्रश्नाला एक गुण होता आणि तो मी हसत हसत घालवला. चार पर्याय छापलेले होते, चारही युरोपातले. त्यांतल्या एका फ्रेंच गृहस्थापुढे खूण केली की गुण पदरात. मी चारही नावांवर काट मारली आणि खाली ठसठशीत अक्षरात उत्तर आफ्रिकेतल्या एका काजीचं नाव लिहिलं, सहाशे वर्षांपूर्वीच्या. पेपर तपासणारे मोईन सर मोठे कायदेशीर. त्यांनी गुण दिला नाही. लाल शाईत शेरा मात्र दिला : "उत्तर चूक. शाबास." तो काजी माझ्या डोक्यात भरवला त्यांनीच होता, त्यामुळे शाबासकी नक्की कुणाला होती, याबद्दल मला अजूनही शंका आहे.

आम्ही तेव्हा मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. बाबा गँगमन. रूळ सरळ ठेवणं, गिट्टी ठोकणं, लाकडी स्लीपर बदलणं हे त्यांचं काम. सकाळी वाऱ्याची दिशा बरोबर असली की रुळावरून त्यांच्या गँगची आरोळी घरापर्यंत यायची. एक जण वर सूर काढायचा आणि बाकीचे सगळे मिळून "हैशा" म्हणायचे, की तो अवजड रूळ बोटभर सरकायचा. माय चुलीपुढे भाकरी थापता थापता त्या "हैशा"वर भाकरी उलटायची, आणि हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, वर करडईचं कच्चं तेल, आणि जवसाची चटणी असली तर मग विचारूच नका. माझ्या डब्यातली ती चटणी नांदेडच्या कॉलेजात पोहोचेपर्यंत गाडीतच निम्मी व्हायची, कारण पॅसेंजरला वेळ फार आणि मैत्रिणींना लाज कमी. शंटिंगचे धक्के, इंजिनाच्या शिट्ट्या, फलाटावरची तेलुगू-उर्दू-मराठीची सरमिसळ, या सगळ्या गोंधळात मी वाढले. आज नांदेडच्या शांत कॉलनीत मला झोप लागायला त्रास होतो, तो वयामुळे असं डॉक्टर म्हणतात. त्यांना काय कळतंय, ते जंक्शनावर वाढलेले नाहीत.

मोईन सर जुन्या नांदेडचे. सायकलवर यायचे, खिशात खोबऱ्याची वडी असायची, आणि शिकवताना त्यांची मराठी हळूच कधी दखनीत शिरायची ते त्यांनाही कळायचं नाही. पुस्तकातला धडा संपला की ते पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "अब सुनो, जो यात छापलं नाही ते." मग तो काजी यायचा. कुठल्याशा सुलतानाकडे नोकरी करायचा, ती जायची, दुसऱ्याकडे धरायचा, तिथून तुरुंगात. शेवटी कंटाळून एका गढीत जाऊन बसला आणि राज्यं का उभी राहतात, का पडतात, याचा विचार करत राहिला. त्याला सापडलेला शब्द असबिया. माणसांना एकमेकांना धरून ठेवणारी ओढ, आपल्या माणसासाठी धावून जाण्याची ताकद. वाळवंटातल्या गरीब टोळ्यांत ती घट्ट असते, म्हणून त्या शहरं जिंकतात. मग शहरातच राहतात, गादीवर लोळतात, पगारी शिपाई ठेवतात, आणि तीन-चार पिढ्यांत ती ओढ विरून जाते. तोवर वाळवंटातून दुसरी टोळी निघालेली असतेच. सर सांगायचे, की एका माणसाच्या दिवसभराच्या भाकरीला लोहार, सुतार, नांगरणारा, दळणारा असे किती हात लागतात, हेही या काजीनं लिहून ठेवलंय.

पाचशे वर्षांनी दुसऱ्याच एका फ्रेंच प्राध्यापकानं तोच प्रश्न वेगळ्या टोकानं धरला. तो म्हणाला, पूर्वी माणसं एकसारखी होती म्हणून एकत्र होती. आता प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून एकमेकांवाचून अडतं आणि त्या अडण्यातून नवी एकी तयार होते. हे ऐकलं आणि मला आमचं स्टेशनच दिसायला लागलं. बाबांची गँग म्हणजे पहिली तऱ्हा : सगळे सारखे, सगळ्यांचा एकच "हैशा". आणि गार्ड, ड्रायव्हर, सांधेवाला, स्टेशनमास्तर ही दुसरी : एकाचं काम दुसऱ्याला येत नाही, पण एकानं हात आखडला की गाडी उभी. मी हे वर्गात बोलले तेव्हा सरांनी अख्खी वडी माझ्या हातावर ठेवली. दोघांत फरक एवढाच, ते म्हणाले, की फ्रान्सवाल्याची गाडी सरळ पुढेच जाते, जुन्याकडून नव्याकडे, आणि काजीची गाडी फिरून परत मुदखेडलाच येते.

पण मला एक गोष्ट खटकत होती आणि मी ती बोलून टाकली. मी बौद्ध घरातली. आजोबांच्या गावची, इस्लापूरकडची गोष्ट घरात कधी रडून सांगितली गेली नाही, पण सांगितली गेली होती. मी म्हटलं, "सर, गावाची असबिया घट्ट होती म्हणूनच तर आमची वस्ती गावाबाहेर होती. आतल्यांची ती ओढ बाहेरच्यांच्या कामाची काय?" मला वाटलं, आपण जास्त बोललो. सर मात्र टेबलावर हात आपटून उभे राहिले. "यही! हेच लिही! काजीनं आतल्यांचं पाहिलं, फ्रान्सवाल्यानं कामाचं पाहिलं. बाहेर ठेवलेल्यांचं कुणी पाहायचं? तू पाहा." आणि लातूरला सगळ्या कॉलेजांचं चर्चासत्र होतं, त्यात माझं नाव त्यांनी मला न विचारता घालून टाकलं. वर हेही ठरवून टाकलं, की बी.ए. झाल्यावर मी लातूरलाच राहून एम.ए. करायचं. तिथं शिकवणारी माणसं चांगली होती आणि मुलींचं होस्टेलही होतं.

निबंध लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत अडले. असबियाला मराठीत म्हणायचं काय? मी सरांना म्हटलं, भाऊबंदकी लिहू का? सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बेटा, मराठीत भाऊबंदकी म्हणजे कोर्ट! असबियानं राज्य येतं, भाऊबंदकीनं वकिलाचं घर भरतं." अर्थ सख्ख्याचा आणि वापर वैऱ्याचा, असा शब्द आपल्याच भाषेत निघावा याचं मला फार नवल वाटलं होतं, पुढे माझ्या चुलत्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ते फिटलं. तर शब्द मिळाला नाही, म्हणून मी असबिया तसाच ठेवला. आणि सगळा घोटाळा तिथं झाला.

त्याआधी बाबांचं सांगायला हवं. ते शिक्षणाच्या आड येणारे नव्हते. भिंतीवर ज्या दोन तसबिरी होत्या त्यांच्यासमोर उभं राहून पोरीला शिकवणार नाही असं म्हणायची छाती आमच्या वस्तीत कुणाचीच नव्हती. पण शिकणं म्हणजे डी.एड., मुदखेडजवळची शाळा आणि संध्याकाळी घरी परत. लातूरला राहायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ते स्वतः तरुणपणी गाव सोडून रेल्वेत आले होते आणि परत गेले नव्हते. गेलेलं माणूस माघारी येत नाही हे त्यांना स्वतःवरूनच ठाऊक होतं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी माझ्याकडे न बघता अट घातली.

"लातूरला बोलायला जा. मी संगं येतो. पन मव्हं एक हाय. टाळ्यांचं मला सांगू नको, टाळ्या गारुड्यालाबी वाजत्यात. तिथल्या एका तरी मानसानं तुला सवाल इचारला, तर मी समजन, तुव्हं ऐकलं म्हनून. मग खुशाल लातूरला ऱ्हाय."

"आणि नाही विचारला तर?"

"तर डी.एड.चा फारम भर. आन् तुव्ह्या सरला यातलं काई सांगायचं न्हाई. वशिल्याचा सवाल मी धरनार न्हाई."

माय म्हणाली, "पोरीच्या पायात असा खोडा कामून घालून राहिले?" बाबा म्हणाले, "खोडा न्हाई, सिग्नल हाय." आणि त्यांनी ताटात पाणी सोडलं.

मी पाठांतराला लागले. क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर फेऱ्या घालत मोठ्यानं म्हणायचे, "असबिया कोरड्या मुलखात दमदार असते! शहरात नेली की पातळ होते! चौथ्या पिढीला संपते!" माय ज्वारी निवडत बसलेली.

"कसल्या बिया गं?" तिनं विचारलं.

"बिया नाही माय, असबिया."

"हाव, तेच इचारून राहिले. कसल्या?"

मी समजावणार तोच नळाला पाणी आलं, आणि नळाला पाणी आल्यावर आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत जगातला कुठलाही विचार पुढे सरकत नसे. नळावर मायनं बातमी सांगून टाकली : आमची सुजाता लातूरला बियांवर बोलायला चालली. म्हणती, कोरड्या रानातलं बी दमदार, शहरात नेलं की चौथ्या पिढीला खलास. लातूर म्हणजे तेलबियांचा बाजार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. आणि गंमत म्हणजे, काजीचं म्हणणं आमच्या लाइनीनं एकमतानं मान्य केलं. "निजमे!" यल्लम्मामावशी तेलुगूत म्हणाल्या, खरंच आहे, त्यांच्या वांग्याचं तस्संच झालं होतं. सांधेवाल्याच्या घरच्या बिस्मिल्लाबी म्हणाल्या, "हमारा दोडका वैसा नै. मेरी नानी के वक्त का है, अब्बी तक हात हात लंबा आता." आणि पुराव्यादाखल त्यांनी दुसऱ्या दिवशी जुन्या ओढणीच्या चिंधीत बांधून बियाच आणून दिल्या. साहेबांना दाखव म्हणाल्या. मग काय, चढाओढच लागली. यल्लम्मामावशींची अंबाडी आली, कुणाचा वाल, कुणाची गवार, मायचा लाल भोपळा. निघायच्या दिवशी माझ्या पिशवीत निबंध तळाला आणि वर नुसत्या गाठोड्या. मी वैतागून म्हटलं, माय, तिथं हसतील मला. माय म्हणाली, "हसू दे. बोलायचं ते बोल, पन बिया दाखव. बायांनी इतक्या मायेनं दिल्यात."

नांदेडहून लातूरची एस.टी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जायची. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, खांद्यावर नवा टॉवेल, आणि सगळ्या वाटेनं ते खिडकीतून बाहेर बघत होते. रेल्वेच्या माणसाचा एस.टी.वर विश्वास नसतो. अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी मला भजी खाऊ घातली, स्वतः नुसता चहा घेतला. "भ्या वाटून राहिलं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मला वाटून राहिलं," ते म्हणाले आणि कप ठेवायला गेले. सवाल आला तरी भीती आणि नाही आला तरी भीती, अशी त्यांची पंचाईत होती, हे मला आता आई होऊन, आजी होऊन कळतंय. तेव्हा मला फक्त माझीच भीती दिसत होती.

सभागृह मोठं होतं. अध्यक्ष पुण्याचे, गोरेपान, मृदू बोलणारे. एकेक जण निबंध वाचायचा, टाळ्या पडायच्या, अध्यक्ष विचारायचे, "कुणाला काही शंका?" कुणालाच नसायची. शंका नसलेली इतकी माणसं एका ठिकाणी मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. माझा नंबर आला शेवटी, जेवणाच्या तोंडावर. मागच्या दारातून गरम जिलबीचा वास आत येत होता आणि त्या वासापुढे काजी काय नि फ्रान्स काय. तरी मी बोलले. काजी सांगितला, फ्रान्सवाला सांगितला, मुदखेडचं स्टेशन सांगितलं. भाऊबंदकीचा विनोद सांगितला, त्याला लोक हसले. मग वेशीबाहेरच्या वस्तीचं बोलले आणि शेवटी आमच्या लाइनीचं : जिथं कुणाचं गाव एक नाही, जात एक नाही, भाषाही एक नाही, सगळे कुठून कुठून उठून आलेले, तिथं जी ओढ तयार झाली तिला या दोघांच्याही पुस्तकात नाव नाही. टाळ्या चांगल्या पडल्या. मोईन सर पहिल्या रांगेत बसून लग्नघरच्या बापासारखे इकडेतिकडे बघत होते.

"कुणाला काही शंका?" अध्यक्षांनी विचारलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

कुणी हललं नाही. मी सरांकडे पाहिलं. ते खुशीत हसले. त्यांना अट ठाऊक असती तर दहा सवाल टाकले असते त्यांनी, पण मी बाबांचा शब्द मोडला नव्हता. मागे खुर्च्या सरकायला लागल्या. माझ्या डोळ्यांपुढे डी.एड.चा फॉर्म आला. आणि अगदी शेवटच्या रांगेतून आवाज आला, "मी इचारू का?"

बाबा उभे होते. टॉवेल खांद्यावरून काढून हातात धरलेला. अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

"मी ऐकनारा," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही म्हनला..."

जन्मात पहिल्यांदा ते मला तुम्ही म्हणत होते.

"तुम्ही म्हनला, काजी म्हनतो, मानूस शहरात गेलं की ती असबिया पातळ होती. आन् तो फ्रान्सवाला म्हनतो, न्हाई, तिथं दुसरी भेटती. बराबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"मग एखादी पोरगी मुदखेडहून लातूरला शिकायला ऱ्हायली, तर तिच्या मायबापाची असबिया ऱ्हाती का जाती? दोघांतल्या कोनाचं खरं धरावं आमी?"

सभागृहातल्या कुणाला काही कळलं नाही. सरांना कळलं असावं, कारण ते वळून बाबांकडे बघायला लागले. मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. हात पिशवीवर होता, हाताला गाठोड्या लागत होत्या, आणि तोंडातून घरचीच भाषा आली.

"बी घरी कणगीत ठेवलं तर घरीच ऱ्हातं," मी म्हटलं, "पन कीड लागती त्याला. लावायला भायेर न्यावंच लागतं. आन् दोडका लातूरला लावला म्हनून त्याला काई वांगी येत न्हाईत. दोडकाच येतो."

सगळं सभागृह खो खो हसलं. पुण्याचे अध्यक्षही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला, "बरं" म्हणाले आणि खाली बसले. मग जेवणाची हाक आली.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, आता त्याचं नावगाव आणि विषयही आठवत नाही. बिया मात्र वाया गेल्या नाहीत. पुढे मी होस्टेलच्या मागच्या भिंतीकडेला त्या लावल्या आणि बिस्मिल्लाबींच्या नानीचा दोडका लातूरच्या भिंतीवर असा माजला की वॉर्डनबाई मुलींना चुकवून तो घरी नेऊ लागल्या. माझी नात आता लातूरला क्लासला आहे. परवा फोनवर म्हणाली, आजी, खोलीच्या गॅलरीत कुंडी ठेवलीय, काय लावू? मी म्हटलं, विचारतेस काय.

पण त्या दिवशी परतीच्या एस.टी.त मला हे काहीच माहीत नव्हतं. मी खिडकीशी बसून रडवेली झाले होते. चाकूर मागे पडेपर्यंत बाबा तिकिटाची घडी घालत नि उलगडत बसले. शेवटी अहमदपूरच्या स्टँडवर ते उतरले, आणि या वेळी दोन पुडे भजी घेऊन आले. एक माझ्या हातात दिला.

"होस्टेलात जेवायचं बरं असतं का?" त्यांनी विचारलं.

मला कळेचना. "पण बाबा, अट? कुणीच सवाल विचारला नाही."

"इचारला की."

"अहो, तो तर तुम्हीच विचारला! तुम्ही म्हणाला होता, तिथल्या एका तरी माणसानं..."

बाबांनी भजं तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि त्यांच्या मिशांत इतका वेळ दडवून ठेवलेलं हसू आता सगळ्या चेहऱ्यावर पसरलं.

"मग?" ते म्हणाले. "मी काय मानूस न्हाई व्हय?"